घाटातली बिनइंजिनाची गाडी

१

“कशालाबी हात लावायचा न्हाई. गाडी अडली का हाय तसं ऱ्हाऊ द्या, आन आदी नीट बगा.”

धोंडीबा माने जन्मभर इंजिन चालवून पानशेत फुटलं त्या साली देवाघरी गेले, पण त्यांचं हे सांगणं आक्काताईंच्या कानात जसंच्या तसं होतं. पौषातल्या त्या रविवारी, सांगलीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, नवऱ्याचा आवाज त्यांना इतका जवळून ऐकू आला की तेच शब्द आपल्या तोंडून कधी बाहेर पडले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. एरवी हळू बोलणाऱ्या बाई. पण बाकांवरच्या खोट्या डोंगराकडे धावलेले सगळे हात जागच्या जागी थांबले.

त्या दिवशी छोटी आगगाडी मंडळाचं प्रदर्शन होतं. मंडळ धोंडीबांनीच काढलेलं. हॉलभर बाकं जोडून त्यांवर फळ्या टाकल्या होत्या. फळ्यांवर चिमुकले रूळ, काडेपेटीएवढी स्टेशनं आणि मधोमध तरट नि चुना थापून केलेला डोंगर. डोंगरावर चढणारा घाट, घाटात बोगदा. त्या बोगद्यात गाडी आधीच नेऊन उभी केली होती. पुढं वीतभर लांबीचं पितळी इंजिन, मागं डबे, शेवटी गार्डाचा डबा. पुण्याहून आलेल्या रेल्वेच्या साहेबांनी फीत कापायची, मंडळाचे चिटणीस बाळासो यांनी विजेचं बटण फिरवायचं आणि गाडी दिमाखात बोगद्याबाहेर यायची, असा बेत होता.

फीत कापली गेली. बाळासोंनी बटण फिरवलं. पोरासोरांनी श्वास धरला, बायांनी माना उंचावल्या. बोगद्याच्या तोंडातून काहीच आलं नाही.

डोंगर जोतीराम कांबळे यानं केलेला. त्यानं पुढं होऊन डोंगराच्या माथ्यावरचं झाकण उचललं आणि आत पाहिलं.

डबे जागेवर होते. इंजिन नव्हतं.

२

मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब सूर्यवंशी पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, नदीकाठच्या मळीच्या रानात ऊस असलेले गृहस्थ. त्यांनी आधी बघ्यांना बाहेर काढलं, मग दाराला आतून कडी घातली आणि कडीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. साहेबांना त्याआधीच शेजारच्या वर्गात चहाला बसवलं होतं. म्हणाले, इंजिन सापडल्याशिवाय या हॉलमधून मुंगी बाहेर जाणार नाही, आणि दिवस मावळेपर्यंत नाही सापडलं तर फौजदारांना बोलावणं धाडतो.

आत उरले पाच जण. लालासाहेब स्वतः. बाळासो, म्हणजे आक्काताईंचा धाकटा भाऊ. नोकरीभर गाड्यांवर गार्ड होता. सिद्धू, सिग्नलच्या केबिनीत हाडं झिजवलेला म्हातारा. जोतीराम, कारखान्यात लेथ चालवणारा तिशीतला माणूस. आणि आक्काताई.

पाहुणा यायच्या आधी सगळी मंडळी व्हरांड्यात होती आणि हॉलला कुलूप होतं. त्या अवधीत तिघंच एकेकटे आत जाऊन आले होते. सिद्धू पानतंबाखूची चंची विसरली म्हणून, बाळासो हारांचं ताट आणायला, आणि जोतीराम रुळांच्या विजेची तार सैल वाटली म्हणून. लालासाहेब किल्ली घेऊन सगळ्यांच्या देखत दाराशी उभे होते, ते हलले नव्हते. आक्काताई व्हरांड्यात पाहुण्यांसाठी रांगोळी घालत होत्या.

लालासाहेबांना फार विचार करावा लागला नाही. झाकण जोतीरामनं केलेलं, आत सगळ्यांत जास्त वेळ तोच होता, आणि त्यांच्या मते तो मंडळात बाहेरून आलेला. हे त्यांनी बघे बाहेर जात असतानाच सगळ्यांच्या देखत बोलून दाखवलं. त्या बघ्यांमध्ये जोतीरामची आई बनुबाई होती. कवठे महांकाळहून एस.टी.नं आली होती, लेकाची गाडी बघायला, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. आज साहेब जोतीरामचं काम बघणार होते. पसंत पडलं तर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्याला घेतील, असं मंडळात सगळे धरून चालले होते. हे तिला ठाऊक होतं, आणि तिच्या गल्लीला सुद्धा. लालासाहेबांचे शब्द ऐकल्यावर तिनं लेकाकडे एकदा पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि गर्दीबरोबर बाहेर पडली.

झडती झाली. जोतीरामची हत्यारांची पिशवी जमिनीवर पालथी केली गेली. कानस, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, लाकडाच्या पाचरी आणि भाकरीचं फडकं एवढंच निघालं. बाकांखाली, डोंगराच्या पोटात, पडद्यांमागं पाहून झालं. सिद्धू आपला कोट काही केल्या काढेना. शेवटी लालासाहेबांनीच त्याच्या खिशात हात घातला, तर साहेबांच्या ताटातले दोन पेढे निघाले. सिद्धू खाली बघून म्हणाला, नातीसाठी घेतले होते. लालासाहेबांनी पेढे त्याला परत दिले, पण हसू दाबताना त्यांची मिशी हलली.

एकच वस्तू कुणी उघडली नाही. आक्काताईंची टोपली. सकाळपासून ती धोंडीबांच्या फोटोखाली, धुतलेल्या फडक्यानं झाकून ठेवलेली होती. पौषातल्या रविवारी आक्काताई सूर्यनारायणाचा उपास करत आणि सूर्य मावळायच्या आत अळणी फराळ करून तो सोडत. नैवेद्याच्या वस्तू सोवळ्यातल्या. लालासाहेब टोपलीजवळ आले, लांबूनच हात जोडून पुढं गेले.

मग जोतीरामच्या समोर उभं राहून त्यांनी विचारलं, इंजिन कुठं ठेवलंस ते आत्ता सांगतोस, की फौजदारासमोर?

३

आक्काताई म्हणाल्या, “लालासाहेब, दिवस मावळंस्तवर वेळ दिलाय न्हवं तुमी? त्येवढा मला द्या.”

लालासाहेबांनी बूट आपटत एक फेरी मारली, पण धोंडीबांच्या बायकोला नाही कसं म्हणायचं? खिडक्यांना गज होते आणि गजांबाहेर माणसांची डोकी. हवा कोंदटली होती. आक्काताईंनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्या आधी सिद्धूजवळ जाऊन बसल्या.

सिद्धू इंजिनापेक्षा सिग्नलवरच जास्त चिडला होता. व्हरांड्यात जाण्याआधी गाडीला वाट मोकळी म्हणून त्यानं सिग्नलचा हात खाली पाडून ठेवला होता, आणि अजूनही तो तसाच खाली होता. गाडीला इंजिन नाही आणि सिग्नल म्हणतोय या म्हणून. ह्याचा त्याला इतका संताप आला होता की चोर सापडला तर आधी याचाच जाब विचारणार होता.

“मी आत गेल्तो तवा इंजिन उचाललं आसतं, तर पयला सिग्नल चढवला आसता वयनी. माजा हात आपसूक गेला आसता. नोकरीत येकदा बी आसं झालं न्हाई.”

आक्काताईंनी मान हलवली. म्हातारा खोटं बोलत नव्हता. बोलता आलं असतं तर पेढ्यांच्या वेळीच बोलला असता.

जोतीराम डोंगराला टेकून जमिनीवर बसला होता. त्यानं आत काय काय केलं ते त्या विचारत गेल्या, तो सांगत गेला. तार आवळली, दिवा लावून बघितला, बाहेर आलो. बोगद्याकडे गेलोच नाही. इंजिन काढायचं झालं तर नेहमी कसं काढतोस, हेही त्यांनी विचारून घेतलं. तो म्हणाला, आधी मागच्या चाकाखाली लाकडाची पाचर ठोकतो. घाट उतरता आहे, नाहीतर डबे मागं पळतात. मागल्या महिन्यात असेच पळाले आणि बाकाखाली पडले, तेव्हापासून पाचरी पिशवीतच असतात. आक्काताईंना ते पडणं आठवत होतं. एका डब्याचं छप्पर चेपलं म्हणून लालासाहेब दोन दिवस बोलले नव्हते.

जोतीराम म्हणाला, “माजं काय बी हुंद्या काकी. पर माजी आय आता एस.टी.त बसली आसंल. घरात जाऊन दार लावून बसंल ती. मी सांगितल्यालं तिला पटंल, पर गल्लीला कोन सांगनार?”

आक्काताई त्याच्याकडे बघत राहिल्या. सगळी मिळून सहा वर्षं हा माणूस त्यांच्या ओसरीवर धोंडीबांबरोबर कानस घासत बसला होता. चहा घेतल्यावर कप आपणच धुऊन ठेवायचा, सांगूनही ऐकायचा नाही.

“मी सांगंन,” त्या म्हणाल्या. “जे खरं आसंल ते, तिच्या दारात हुबी ऱ्हाऊन. आजच. कुनाचं बी नाव निगू दे.”

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांना वाटलं होतं, नाव कुणाचं निघणार? कुण्या परक्याचंच.

मग त्या उठून गाडीजवळ गेल्या. झाकण उघडंच होतं. त्यांनी वाकून आत पाहिलं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

४

डबे चढावर उभे होते. पुढं ओढून धरायला इंजिन नव्हतं. मग ते मागं का घसरले नाहीत?

त्यांनी बॅटरी मागून घेतली आणि चाकाखाली उजेड पाडला. पाचर नव्हती. खडा नव्हता, कागदाची घडीही नव्हती. पदर खोचून त्यांनी एका बोटानं पहिल्या डब्याला हलकेच ढकललं. डबा कडीच्या ढिलाईएवढा हलला आणि थांबला. दुसराही तसाच. शेवटचा गार्डाचा डबा मात्र तसूभर हलला नाही.

त्या डब्याच्या मागच्या सज्ज्यात गव्हाच्या दाण्याएवढं एक चाक होतं. ते फिरवलं की खालचा ब्रेक चाकांना आवळायचा. धोंडीबांनी ते हौसेनं केलं होतं. बघणाऱ्यांना ते दिसतही नसे, आणि मंडळातले बरेच जण ते नुसतं शोभेचं आहे असंच समजत. जोतीराम त्याच्या वाटेला जात नसे. लेथवर काम करून जाड झालेल्या बोटांत ते चाक धरताच येत नसे, म्हणून तर पाचरी.

आक्काताईंनी बॅटरी विझवली.

इंजिन उचलणाऱ्यानं आधी ब्रेक आवळला होता. घाईत होता, कुणी येईल या भीतीत होता, आणि तरी डोंगराच्या पोटात हात घालून, दिसतही नसलेलं चाक चाचपून त्यानं ते घट्ट फिरवलं होतं. का? तर चढावर इंजिन सोडवायच्या आधी गार्डाचा ब्रेक आवळायचा म्हणून. हे ज्याच्या हाडात मुरलंय त्याला आठवावं लागत नाही. सिग्नलवाला सिग्नलकडे गेला असता. लेथवाल्यानं पाचर ठोकली असती. ब्रेककडे हात जाईल तो एकाच माणसाचा.

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पाहायची भीती वाटली. पाठीमागून ओळखीची पावलं जवळ येत होती.

५

“आक्का,” बाळासो हळूच म्हणाला, “दिवस कलला. उपास सोडायची वेळ झाली तुजी. मी लालासायबास्नी सांगतो, तू घरी जा. टोपली घिऊन जा.”

आवाजात माया होती, आणि ती खोटी नव्हती. नवरा गेल्यापासून आक्काताई भावाच्या घरी राहत होत्या. मागच्या खोलीत त्यांचे देव, बाहेर तुळस. भावजयीनं कधी ताटात कमी वाढलं नव्हतं.

लालासाहेबांनी मान डोलावली. व्रतस्थ बाईला अडवून पाप कुणी घ्यावं. त्यांनी किल्ली काढली.

आक्काताई फोटोपाशी गेल्या आणि टोपली उचलली. सकाळी तिच्यात केळी होती, राजगिऱ्याचे लाडू होते, दुधाचा लहान तांब्या होता. आता हाताला रग लागली. त्यांनी टोपली परत खाली ठेवली, फडक्याची कड बोटभर उचलली आणि सोडून दिली.

सूर्य मावळायला येईपर्यंत हे फडकं कुणी उघडणार नाही, हे घरच्या माणसालाच ठाऊक असणार. झडती घेणारा हिला हात लावणार नाही, हेही. आणि दारातून बाहेर काढायला बहिणीचेच हात.

बाळासोला त्यांनी खिडकीशी बोलावलं. त्यानं बहिणीचा चेहरा बघितला आणि त्याला कळलं. मग खालच्या आवाजात तो जे सांगत गेला ते असं, की गेल्या वर्षी पुण्यात कुणाच्या तरी लग्नात हे साहेब भेटले. इंजिनाच्या गोष्टी निघाल्या. बोलता बोलता याच्या तोंडून गेलं, इंजिन माझ्या हातचं आहे. साहेब खूश झाले, म्हणाले येतो एकदा, तुम्ही ते माझ्यापुढं उघडून दाखवा. आणि आज आले. इंजिन केलं होतं दाजींनी आणि जोतीरामनं. याला त्यातला एक स्क्रूही कुठला ते माहीत नव्हतं. लालासाहेबांना वाटत होतं साहेब जोतीरामला बघायला येतायत, आणि साहेबांना वाटत होतं ते बाळासोंना बघायला येतायत. वर्षभर ह्याला झोप नव्हती.

“आज इंजिन न्हाई तर उगडायचं बी न्हाई, येवडंच हुतं माज्या मनात. उद्या सकाळी शाळंच्या पायरीवर सापडलं आसतं. जोतीरामवर येईल आसं मला वाटलं न्हवतं गं. देवाशप्पत.”

“आलं तवा तू गप्प बसलास.”

तो गजांना धरून उभा राहिला. बाहेरची पोरं आत डोकावत होती.

“घिऊन जा ती टोपली,” तो म्हणाला. “कुनाचं काय बी जानार न्हाई. जोतीरामला मी सोडवतो. पर हितं बोललीस, तर मला गावात तोंड न्हाई. आन तू तरी कुठं जाशील आक्का? घर येकच हाय आपलं.”

धमकी नव्हती ती. खरंच होतं ते. दाराची कडी निघाल्याचा आवाज झाला. लालासाहेब दार उघडून वाट देऊन उभे होते. उघड्या दारातून पिवळं ऊन आत आलं आणि आक्काताईंना वाटलं, कोंडलो होतो तेच बरं होतं.

६

टोपली उचलून त्या दारापर्यंत गेल्या, आणि साहेबांना आत बोलवा म्हणाल्या.

साहेब आल्यावर त्यांनी टोपली डोंगराशेजारी बाकावर ठेवली आणि फडकं काढलं. केळ्यांच्या खाली पितळ चमकलं. सिद्धूच्या तोंडून नुसता हुंकार निघाला. लालासाहेबांनी बाईंकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं.

आक्काताईंनी आवाज चढवला नाही. सिग्नल खालीच का राहिला ते सांगितलं, म्हणजे सिद्धू नव्हे. पाचर का नाही ते सांगितलं, म्हणजे जोतीराम नव्हे. मग लालासाहेबांना म्हणाल्या, गार्डाचा डबा ढकलून बघा. त्यांनी बघितला. पुन्हा जोर लावून बघितला. धोंडीबांनी केलेलं ते दाण्याएवढं चाक बॅटरीच्या उजेडात दाखवून त्या म्हणाल्या, “इंजिन काढनाऱ्यानं आदी गाडी सांबाळली. चोरी करताना बी त्यानं डबं पडू दिलं न्हाईत. आसा मानूस मंडळात येकच हाय, आन त्यो माजा भाऊ हाय.”

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं.

बाळासो खिडकी सोडून पुढं आला. त्यानं साहेबांना हात जोडले.

“इंजिन मी केल्यालं न्हाई सायेब,” तो म्हणाला. “त्यो बसलाय त्यानं केलंय. आन आमच्या दाजींनी.” एवढं बोलून तो बाकाच्या टोकावर बसला, आणि बसल्यावर त्याचे खांदे असे खाली आले जसं डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं.

फौजदाराचं नाव लालासाहेबांनी पुन्हा काढलं, पण साहेब म्हणाले, वस्तू हॉलबाहेर गेलेली नाही, तेव्हा तुमच्या मंडळाचं तुम्ही बघा. माझी गाडी रात्रीची आहे. मग ते जोतीरामकडे वळले. हे उघडून दाखवता का?

जोतीराम उठला. त्यानं इंजिन दोन्ही हातांत घेतलं, पण उघडायच्या आधी लालासाहेबांकडे बघत उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला. सुभेदारांनी घसा खाकरला. चुकलं माझं, ते म्हणाले, आणि ते शब्द इतके हळू होते की जोतीराम जागचा हलला नाही. मग लालासाहेब दारापाशी गेले, अंगणातल्या माणसांकडे तोंड केलं आणि तेच शब्द पलटणीतल्या आवाजात पुन्हा म्हणाले.

तेव्हा कुठं जोतीरामनं पिशवीतला स्क्रूड्रायव्हर मागितला. सिद्धूनं तो जमिनीवरून उचलून दिला आणि दुसऱ्या हातानं सिग्नल चढवून टाकला.

लोक पुन्हा आत येऊ लागले. साहेब बाकावर वाकून इंजिनाचं पोट बघत होते, एकामागून एक विचारत होते, आणि जोतीराम सांगत होता. त्यानं मधेच मान वर करून आक्काताईंना शोधलं. त्यांनी लांबूनच हातानं खूण केली, तू तुझं बघ.

खिडकीबाहेर सूर्य मावळून गेला होता. आता फराळ उद्या उजाडल्यावर. आक्काताईंनी पदराच्या गाठीतून घराची किल्ली सोडवली आणि भावाच्या शेजारी बाकावर ठेवली. बाळासोनं वर बघितलं. परत येशील ना, हे त्याला विचारायचं होतं, ते ओठापर्यंतच राहिलं.

“मला उशीर हुईल,” त्या म्हणाल्या. “जेवून घे. उपाशी निजू नगं.”

त्यांनी चपला पायात सरकवल्या. मागं टाळ्या उठल्या, बोगद्यातून गाडी निघाली असावी. आक्काताई कडेकडेनं फाटकाबाहेर आल्या, पदर अंगभर लपेटून घेतला आणि स्टँडच्या रस्त्याला लागल्या. स्टँडवर पोचल्यावर पाटीखाली उभ्या असलेल्या कंडक्टरला त्यांनी विचारलं, कवठ्याला जाणारी गाडी अजून आहे का, आणि तिथं बनुबाई कांबळ्यांचं घर कुणीकडं पडतं, ते त्याला ठाऊक आहे का.